गाळलेल्या जागा

‘रिमेक मूळ चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाही’ हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते म्हणताना आता कुणी विचार करत नाही. त्यात सोय मोठी आहे. बोलणाऱ्यानं मूळ चित्रपट पाहिला आहे, तोही इतरांच्या आधी, हे न सांगता जाहीर होतं. पण हाच माणूस ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद तोंडपाठ म्हणून दाखवतो, आणि १९८८ सालचा हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६मधल्या ‘बीवी और मकान’वरून उचललेला आहे, हे त्याच्या गावीही नसतं. ‘माहेरची साडी’नं सगळा महाराष्ट्र रडवला, ती साडी आली होती ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटातून. महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ तमिळमधल्या ‘काधलिक्क नेरमिल्लै’वरून आला, आणि त्याच गोष्टीवर हिंदीत ‘प्यार किये जा’ कधीच होऊन गेला होता. यांतल्या एकालाही आपण रिमेक म्हणून नाक मुरडत नाही. आपण आधी पाहिला तो मूळ आणि नंतर पाहिला तो रिमेक, इतकंच आपलं शास्त्र.

तसं पाहिलं तर आपल्या बोलपटाला ‘मूळ’ हा शब्द पहिल्यापासूनच नीट लागू पडत नाही. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रभातनं मराठी आणि हिंदी, दोन्हींत केला. पुढे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ अशा जोड्याच निघाल्या. यात नक्कल कोणती आणि अस्सल कोणता हे ठरवायला बसलात तर दिवस जाईल. म्हणून कोण आधी जन्मला यावरून गुण देणं मला पटत नाही.

मग गुण कशावर द्यायचे? माझं म्हणणं असं, की रिमेकनं काय ठेवलं आणि काय नवं घातलं हे मागाहून बघावं. आधी त्यानं काय गाळलं ते बघावं. ठेवायला फारसं डोकं लागत नाही, कथा समोर तयारच असते. वाढवणं बहुधा गाणी, नायकाची एंट्री आणि एखादी मारामारी इथवरच जातं. गाळताना मात्र करणाऱ्याला ठरवावं लागतं. हे माझ्या प्रेक्षकाला झेपणार नाही, हे त्याला नको असेल, यानं आपण अडचणीत येऊ, असा हिशेब होतो आणि मग कात्री चालते. दिग्दर्शक आपल्या प्रेक्षकाबद्दल खरोखर काय समजतो हे त्याच्या मुलाखतींतून कळत नाही, या कात्रीवरून कळतं.

‘सैराट’ आणि ‘धडक’ ही जोडी यासाठी सगळ्यात उघड आहे आणि तिच्यावर भरपूर बोलूनही झालं आहे. तरी मी पुन्हा तिच्याकडे वळतो, कारण बहुतेक चर्चा भलत्याच गोष्टीवर अडकली. आर्ची किती रांगडी आणि जान्हवी कपूर किती शहरी, करमाळ्याच्या वाटा कुठे आणि उदयपूरचे तलाव कुठे, यावर लोक तावातावानं बोलले. उदयपूरला हरकत काय आहे? राजस्थानात जात नाही, की पोटच्या मुलीला मारणारे बाप-भाऊ नाहीत? उलट ‘धडक’ला तिथे ‘सैराट’इतकीच टणक जमीन मिळाली असती. ती नांगरायची नाही असं ठरलेलं होतं. जातीचा उल्लेख एखाद-दुसऱ्या वाक्यापुरता उरला आणि बापाचा राग निवडणूक, घराणं, इभ्रत अशा सर्वसाधारण खात्यांत जमा झाला. नागराज मंजुळेंच्या चित्रपटात आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, कारण त्या शिक्षकानं त्याला तू कोण असं विचारलेलं असतं. त्या एका थपडेत गावाची सगळी उतरंड कळते, प्रेमप्रकरण रंगात येण्याच्या आत. पुढे जे होणार आहे त्याची पावती तिथेच फाटलेली असते.

जात गाळली की शेवटही बदलावा लागतो, आणि ‘धडक’चा शेवट बदललेला आहेच. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं पाहुणी म्हणून घरी येतात, भेटवस्तू आणतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. नंतर शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं आणि पडद्यावरचा आवाजच जातो. दोघंही मारले गेलेले आहेत. मागे उरलेल्या त्या लेकराला अजून आपली जातही ठाऊक नाही. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मरतात, मुलगी जिवंत राहते आणि किंचाळते. धक्का बसतोच, नाही असं नाही. पण पहिल्या शेवटात शिक्षा दोघांना आहे, कारण जातीच्या हिशेबात दोघंही गुन्हेगार आहेत. दुसऱ्यात सूड आहे, आणि सूड कुठल्याही हिंदी चित्रपटात असतो. ‘झिंगाट’ तेच, अजय-अतुल तेच. हरवलं ते नेमकं तेवढंच, ज्याच्यासाठी हा चित्रपट काढायचा.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. हिंदीचा प्रेक्षक देशभर पसरलेला, एका गावातली जात त्याला कशी कळणार? हे उत्तर मला त्या प्रेक्षकाचा अपमान वाटतो. जात कळत नाही असा भारतीय प्रेक्षक कुठे राहतो ते तरी सांगा. ‘धडक’ पडला नाही, चांगला चालला. त्यामुळे हिशेब चुकला असं निर्मात्यांना वाटायचंही कारण नाही. मला जास्त खटकलं ते आपलं वागणं. आपला चित्रपट हिंदीत जातोय म्हणून आपण हुरळून गेलो, जणू मुलीला मोठं स्थळ आलं. पुढे काय झालं ते पाहून रुसलो. कन्नडमध्ये तर ‘मनसु मल्लिगे’साठी खुद्द रिंकू राजगुरूलाच नेलं, तरी ‘सैराट’सारखी लाट काही उठली नाही.

हा दोष फक्त आपल्याकडचा आहे असं मात्र समजू नये. कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’वरून (१९५४) हॉलिवुडनं ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) केला. दरोडेखोरांनी गांजलेलं खेडं, भाड्यानं आणलेले सात लढवय्ये, शेवटी उरलेले तिघं, सगळं जागच्या जागी आहे. गळलं आहे ते जन्माचं कुंपण. जपानी चित्रपटात सामुराई आणि शेतकरी यांच्यामध्ये ते उभं आहे आणि तोशिरो मिफुनेचा किकुचियो त्यावरच लोंबकळतो आहे: शेतकऱ्याचा पोर, सामुराई म्हणून मिरवणारा. शेतकरी लबाड, भित्रे, धान्य लपवणारे आहेत असं तो सामुराईंच्या तोंडावर ओरडतो आणि त्याच दमात विचारतो, की त्यांना असं केलं कुणी? तुम्हीच ना? अमेरिकी चित्रपटात ती भूमिका चिको नावाच्या तरुणाकडे गेली आहे. तोही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, तोही चिडून बोलतो. पण शेवटी तो कमरेचा पट्टा काढून ठेवतो आणि आवडलेल्या मुलीकडे गावात राहतो. बंदूकवाला हा धंदा आहे, सोडता येतो. जपानी चित्रपटात तरुण सामुराईवर जीव जडलेली मुलगी त्याच्या शेजारून निघून जाते आणि लावणीला लागते. त्याला तिच्यामागे जायला वाटच नाही.

तरीही ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ मला आवडतो, आणि ‘धडक’ आवडत नाही. यात पक्षपात असेल, पण थोडं कारणही आहे. अमेरिकी चित्रपटानं जन्माची अट काढल्यावर ती जागा रिकामी ठेवली नाही. त्या माणसांना घर नाही, बायको-मुलं नाहीत, त्यांचा काळ सरत चालला आहे, हे त्यानं तिथे आणून बसवलं. गावातल्या पोरांना आपले बाप भित्रे वाटतात तेव्हा त्यांतला एक बंदूकवाला त्यांना झापतो, की घर चालवायला जी हिंमत लागते ती माझ्यात कधीच नव्हती. मूळ चित्रपटापेक्षा हे हलकं आहे, पण ते त्या मातीतलं आहे. शिवाय तो आपलं मूळ उघड सांगतो. चारच वर्षांनी आलेला ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ चित्रपट म्हणून मला जास्त देखणा वाटतो, पण तो कुरोसावांच्या ‘योजिम्बो’वरून परवानगी न घेता केलेला होता. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं, तडजोड झाली आणि कमाईतला वाटा जपानला द्यावा लागला. ऋण सांगायचं नाही आणि चित्रपट मात्र उत्तम करायचा, ही सवय आपल्याकडेही जुनीच. चित्रपट उत्तम आहे म्हणून ती माफ होत नाही.

आता माझ्याच म्हणण्याला एक खणखणीत विरोध आहे, तो गस व्हॅन सँटच्या ‘सायको’चा. हिचकॉकच्या १९६०मधल्या चित्रपटाचा त्यानं १९९८ साली रिमेक केला तो जवळजवळ शॉटमागून शॉट, त्याच पटकथेवर, तेच बर्नार्ड हर्मनचं संगीत घेऊन. रंग घातले, नट बदलले, थोडी इकडची तिकडची भर घातली. म्हणजे गाळलं काहीच नाही. माझा नियम खरा असता तर हा जगातला सर्वोत्तम रिमेक ठरायला हवा होता. प्रत्यक्षात तो पाहताना जांभई येते. कारण हिचकॉकनं पाऊण तासाच्या आसपास आपली नायिकाच न्हाणीघरात मारून टाकली होती, आणि चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही असा दंडक घातला होता. १९९८मध्ये त्या न्हाणीघरात काय होणार हे चित्रपट न पाहिलेल्यांनाही माहीत होतं. दिग्दर्शकानं काही वगळलं नाही, पण काळानं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच काढून घेतलेली होती. म्हणजे गाळणं नेहमी भित्रेपणाचंच असतं असं नाही. रिमेक करणाऱ्यानं आपण हात लावण्याआधी काय गळून गेलंय तेही तपासावं, आणि त्या जागी ठेवायला हाताशी काही नसेल तर दुसरा चित्रपट करावा.

गाळलेली जागा भरावी कशी, याचं मराठीतलं सगळ्यात भारी उदाहरण माझ्या लेखी ‘पिंजरा’. शांतारामबापूंचा हा १९७२ सालचा चित्रपट ‘द ब्लू एंजल’ या १९३०च्या जर्मन चित्रपटावर बेतलेला आहे. (तो जर्मन चित्रपटही जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चित्रित झाला होता; ‘पिंजरा’ही मराठी-हिंदी दोन्हींत आला.) जर्मन चित्रपटातला प्रोफेसर विद्यार्थ्यांना पकडायला नाचगाण्याच्या अड्ड्यावर जातो आणि तिथल्या गायिकेच्या नादानं नोकरी घालवतो. तिच्याशी लग्न करतो, तिच्याच मंडळीत विदूषक होतो. मग खेळ त्याच्याच गावी लागतो. ओळखीच्या लोकांसमोर त्याला रंगमंचावर कोंबड्यासारखं आरवावं लागतं. तो पळतो, आपल्या जुन्या वर्गात जातो आणि मेजाला घट्ट धरून मरतो. चित्रपटाचा कणा म्हणजे ती चारचौघांतली फजिती.

शांतारामबापूंनी तीच काढली. ‘पिंजरा’तल्या मास्तरांची गावात फजिती होतच नाही. घडतं ते उलटं. एका भलत्याच प्रेताला गाव मास्तरांचं समजतं, त्यांचा खून झाला असं धरून चालतं आणि त्यांचा पुतळा उभारतं. इकडे खरे मास्तर तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव घसरत चाललेले. आणि शेवटी त्यांना पकडलं जातं ते मास्तरांच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाबद्दल. मीच तो, एवढं म्हटलं तर जीव वाचेल. पण मग पुतळा पडेल. ते म्हणत नाहीत. जर्मन प्रोफेसरला गाव हसतं, आपल्या मास्तरांना गाव पुजतं, आणि ही पूजा त्या हसण्यापेक्षा क्रूर आहे. थोर माणसाचा पुतळा केल्याशिवाय ज्या समाजाला चैन पडत नाही तिथे ही गोष्ट अशीच घडणार. डॉ. लागूंनी ते मास्तर असे उभे केले की ही सगळी कलाटणी खरी वाटते. ‘पिंजरा’चं सगळंच मला मान्य आहे असं नाही. फडातल्या बाईकडे तो मोहाची खोली असल्यासारखं बघतो, आणि शेवटी पुतळा वाचवावा या बाजूनंच तो उभा राहतो की काय, असा संशय येतो. पण रिमेक म्हणून त्याची हिंमत अशी, की मूळ चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग फेकून द्यायला त्याचा हात थरथरला नाही.

‘बनवाबनवी’चं गणित सोपं होतं. भाड्याची खोली मिळत नाही हे दुखणं दोन्हीकडे एकच. पण वसंत सबनीसांच्या संवादांनी ते दुखणं नुसतं भाषांतरित केलं नाही, त्याला बोलायला लावलं. डायबिटिसच्या औषधाचे सत्तर रुपये मूळ हिंदीत शोधायला जाऊ नका.

‘दृश्यम’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तो इतक्या भाषांत गेला की त्यावर प्रयोगच झाला म्हणा ना. २०१३मध्ये जीतू जोसेफनं मल्याळममध्ये केला. कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि २०१९मध्ये थेट चिनी. कथेचं कुलूप इतकं पक्कं आहे की कुणालाही ते बिघडवणं अवघड होतं. पण मला त्यातलं मोलाचं वाटतं ते कुलूप नव्हे. चौथीतच शाळा सुटलेला केबलवाला आहे, त्याचं सगळं शिक्षण सिनेमे बघून झालेलं आहे आणि तेवढ्यावर तो वर्दीतल्या शिकल्यासवरल्यांना हरवतो. हे हिंदीत निशिकांत कामतनं सांभाळलं. तमिळ ‘पापनासम’ खुद्द जीतू जोसेफनंच केला, आणि तिथे एकच प्रसंग दोन नटांच्या हातात कसा बदलतो ते दिसतं. मेलेल्या मुलाच्या आईबापांसमोर नायक शेवटी आडून आडून कबुली देतो. कमल हासन तिथे फुटून रडतो, मोहनलाल जवळजवळ काहीच करत नाही. कमल हासनवर माझा फार जीव, पण इथे मी मोहनलालच्या बाजूचा. इतकं खोटं पचवलेला माणूस शेवटच्या दोन मिनिटांत इतका उघडा पडेल, हे मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांच्याशी भांडायलाही मजा येते.

चिनी ‘शीप विदाउट अ शेपर्ड’मध्ये मात्र कुलूपच बदललं आहे. थायलंडमध्ये राहणाऱ्या चिनी कुटुंबाची गोष्ट केली आहे आणि शेवटी बाप स्वतःहून गुन्हा कबूल करतो. गुन्हेगार सुटलेला दाखवणं तिथल्या सेन्सॉरला चालणार नव्हतं, असं अनेकांनी मानलं आणि तसं असेलही. म्हणजे ही कात्री भीतीचीच. पण त्या शेवटाआधी गावातली माणसं पोलिसांच्या विरोधात रस्त्यावर उतरतात, आणि ते पाहिल्यावर त्याच्या कबुलीला वेगळा अर्थ येतो. सक्तीनं गाळलेल्या जागेतही एखादा हुशार माणूस काहीतरी पेरून जातो.

निशिकांत कामतचं नाव आलंच आहे तर, रिमेकचा इतका नाना प्रकारे अनुभव घेतलेला दुसरा मराठी दिग्दर्शक मला आठवत नाही. २००५चा स्वतःचा ‘डोंबिवली फास्ट’ त्यानं दोन वर्षांनी माधवनला घेऊन तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून केला. पुढे तमिळमधून ‘फोर्स’, मल्याळममधून ‘दृश्यम’, कोरियन चित्रपटावरून ‘रॉकी हँडसम’. माझ्या मते तरी यांत सगळ्यात वरचा तो पहिला, संदीप कुलकर्णीचा माधव आपटे. तो माणूस त्याच लोकलमध्ये, त्याच गर्दीत पिचलेला आहे. माधवननं जीव ओतला तरी ती गर्दी चेन्नईला नेता येत नाही.

हल्ली एक मत फार ऐकू येतं. मूळ चित्रपट सबटायटल्ससकट घरबसल्या दिसतो, मग रिमेक हवाच कशाला? २०२२मध्ये हिंदी ‘विक्रम वेधा’ आणि ‘जर्सी’ अपेक्षेइतके चालले नाहीत तेव्हा यावर शिक्कामोर्तबच झालं. दोन्ही मूळ दिग्दर्शकांनीच केलेले होते, दोन्हींत फारसं काही वगळलेलं नव्हतं. पण त्याच वर्षी ‘दृश्यम २’ हिंदीत दणकून चालला, आणि त्याचा मल्याळम अवतार २०२१पासून ओटीटीवर पडून होता. तेव्हा ‘लोकांनी मूळ पाहिलं म्हणून रिमेक पडला’ हे अर्धंच खरं. मला वाटतं, हिंदी ‘दृश्यम’मधल्या दोन ऑक्टोबरचे विनोद करणाऱ्या प्रेक्षकाला त्यातलं साळगावकर कुटुंब आपलंच वाटायला लागलं होतं. त्यांचं पुढे काय झालं ते त्याला पाहायचं होतं. मल्याळममधल्या जॉर्जकुट्टीचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ‘विक्रम वेधा’च्या हिंदी अवताराला असं स्वतःचं माणूस नव्हतं.

आवडत्या जोड्या विचाराल तर मी सगळ्यात वर कुरोसावांचा ‘इकिरू’ (१९५२) आणि त्यावरून झालेला ब्रिटिश ‘लिव्हिंग’ (२०२२) ठेवीन. पोटाच्या कर्करोगानं मरायला टेकलेला सरकारी अधिकारी शेवटचे महिने मुलांसाठी एक खेळाचं मैदान करून घेण्यात घालवतो. काझुओ इशिगुरोनं ती गोष्ट १९५०च्या दशकातल्या लंडनच्या कचेरीत नेली आणि बिल नाईनं ती इतक्या हळू आवाजात साकारली की आपणही श्वास सांभाळून घ्यावा. टोप्या, छत्र्या, आगगाडीचे डबे, फायलींचे ढीग, इंग्रजी अदबीत दडपलेलं दुःख, सगळं जागच्या जागी. रिमेक कसा असावा हे कुणी विचारलं तर मी बेलाशक ‘लिव्हिंग’ दाखवीन.

पण त्यानंही एक गोष्ट गाळलीच आहे. ‘इकिरू’चा नायक चित्रपट बराच उरलेला असताना मरतो. मग त्याच्या दुखवट्याला जमलेले सहकारी दारू पीत, वाद घालत, मैदानाचं श्रेय कुणाचं यावर तासंतास घोळ घालतात. शेवटी रडतात, आपणही असंच काम करू अशा शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा जैसे थे. ते सगळं लांबलचक, चिडचिड आणणारं, कधीकधी किळसवाणं आहे. ‘लिव्हिंग’नं ते आटोपशीर केलं. आगगाडीच्या डब्यात थोडी चर्चा, शपथ, तिचा विसर, आणि एका तरुण सहकाऱ्यासाठी मागे ठेवलेलं समजूतदार पत्र. १४३ मिनिटांचा चित्रपट १०२ मिनिटांत बसला. पत्र सुंदर आहे, डोळ्यांत पाणी येतं. तरी मला तो दुखवटा लांबलेलाच हवा. माणूस गेल्यावर कचेरी त्याच्याबद्दल काय काय बोलते आणि किती लवकर विसरते, हे पत्रातून कळत नाही. त्यासाठी त्या दारुड्यांच्या घोळक्यात बसून कंटाळावंच लागतं.